नऊ चाळीसला गेली

तहान लागल्यावर विहीर खणणारे गल्लोगल्ली सापडतात. स्टोअरकीपर त्यांतला नव्हता. तो तहान लागायच्या आधीच विहीर खणून ठेवायचा, तिला नंबर घालायचा, वर झाकण बसवायचा, झाकणाला कुलूप लावायचा, आणि मग कुणाला तहान लागलीच तर त्याच्याकडून दोन प्रतींत अर्ज मागायचा. पंपांच्या कारखान्यात तीस वर्षं त्याने हेच केलं होतं आणि तिथे त्याला मान होता. घरी मान बेताचाच होता, पण कुलपं भरपूर होती.

घरात माणसं तीन. तो स्वतः, त्याची बायको, जी पुढच्या खोलीत मशीन टाकून लोकांचे पडदे शिवायची आणि नवऱ्याच्या बऱ्याचशा बोलण्यावर पाय मशीनवरून न उचलता नुसतं "हं" म्हणायची, आणि त्याची आई. आईचं वय एक्क्याऐंशी. गुडघे सोडले तर सगळं शाबूत, आणि जीभ तर जरा जास्तच शाबूत.

सगळ्याचं मूळ मागच्या वादळात होतं. त्या वादळात दोन दिवस लाइट नव्हती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थोरला भाऊ, म्हणजे दादा, आईला बघायला आला. दादाचं कामच पडझड बघायचं. कुणाचं छप्पर उडालं, कुणाच्या दुकानात पाणी शिरलं, की विमा कंपनीतर्फे टेप घेऊन नुकसान मोजायला जायचं. अशा माणसाला जगात धड असं काही दिसतच नाही. त्यात त्या दिवशी त्याला जे दिसलं ते असं: आई स्वयंपाकघरात स्टुलावर बसलेली, डोक्यावर सायकलचं हेल्मेट, समोर केकवर लावायची सात आकड्याची मेणबत्ती, आणि तिच्या उजेडात ती धाकट्या लेकाशी पत्ते खेळतेय. घरात त्या साताखेरीज एकही मेणबत्ती नव्हती.

"हेल्मेट कशाला?" दादाने विचारलं.

"वरून काही पडलं तर," स्टोअरकीपर म्हणाला.

"वरून काय पडणार आहे?"

"ते पडल्यावरच कळेल ना, दादा."

दादाने तिथल्या तिथे निकाल दिला. महिन्याभराने, रविवारी अकरा वाजता तो तपासणीला येणार. घर संकटाला तयार दिसलं तर ठीक. नाही दिसलं तर आई त्याच्याकडे राहायला जाणार, कायमची. दादाच्या इमारतीला जनरेटर होता आणि त्याच्याबद्दल तो पोटच्या पोराबद्दल बोलावं तसं बोलायचा.

आईला ह्यातलं कुणी काही विचारलं नाही. माल कुठे ठेवायचा हे मालाला विचारायची पद्धत नसते.

स्टोअरकीपर मात्र हादरला. बावन्न वर्षांच्या आयुष्यात तो आईपासून आठ दिवसांहून जास्त कधी लांब राहिलेला नव्हता. कारखान्यातून आला की आधी आईच्या खोलीत डोकवायचं, तिने "आलास?" म्हणायचं, त्याने "हो" म्हणायचं, एवढंच काय ते दोघांचं बोलणं. पण तेवढं झाल्याशिवाय त्याला घरी आल्यासारखं वाटत नसे. आई गेली तर मागे काय राहणार? भिंती, कपाटं आणि कुलपं. एका गोदामातून निघायचं आणि दुसऱ्या गोदामात येऊन झोपायचं, ह्या विचाराने तो त्या रात्री अर्ध्या ताटावरून उठला. त्याने मनाशी ठरवलं, की घर असं तयार करायचं की दादाला बोट ठेवायला जागा सापडता कामा नये.

आता तयारी करायची म्हणजे चार मेणबत्त्या, दोन टॉर्च आणि पाण्याचे कॅन आणायचे, एवढं कुणीही केलं असतं. पण अति तेथे माती हे ज्याला कळतं तो स्टोअरकीपर कसला?

बायकोचं कापडांचं कपाट रिकामं झालं आणि त्याच्यावर "आपत्कालीन साठा" अशी पाटी लागली. त्यात अकरा टॉर्च आले, डझनावारी काडेपेट्या, मेणबत्त्या, दोर, शिट्ट्या, हँडल फिरवून चालणारा रेडिओ, डबाबंद सूप, बिस्किटं, मलमपट्ट्या, आणि का कोण जाणे, एक फुगवायची रबरी होडी. घर तिसऱ्या मजल्यावर होतं. प्रत्येक वस्तूला नंबर मिळाला. टॉर्च हा शब्द कपाटावर कुठेही नव्हता. टॉर्च म्हणजे चार-ब-दोन. कोणता नंबर कशाचा ह्याची यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली होती, म्हणजे ती वाचायला टॉर्च लागणार आणि टॉर्च मिळवायला ती वाचावी लागणार. ही गोष्ट बायकोने पहिल्याच दिवशी दाखवून दिली.

"मला पाठ आहे यादी," तो म्हणाला.

"आणि तुम्ही घरी नसलात तर?"

"तर मागणीची स्लिप भरून ठेवायची. आल्यावर देतो."

"अंधारात स्लिप कशी भरू?"

"कार्बन घालून," तो म्हणाला. बायकोने मशीन सुरू केलं.

आईलाही एक काडेपेटी हवी होती, ही स्लिपची पद्धत कशी चालते ते बघायला. तिने रीतसर स्लिप भरली. कारणाच्या रकान्यात तिने "हौस" असं लिहिल्यामुळे ती परत आली.

मग खिडक्या. वाऱ्याने काचा फुटू नयेत म्हणून त्याने सगळ्या खिडक्यांना आतून प्लायवूड ठोकलं. काचा सुरक्षित झाल्या, पण भर सकाळी घरात स्वतःचा हात दिसेना. मग भोंगा. संकटात इमारतीला जागं करायला काहीतरी मोठा आवाज हवा, म्हणून त्याने भिंतीपलीकडच्या ट्रम्पेटवाल्या काकांना गाठलं. हे काका उभं आयुष्य बँडमध्ये वाजवून निवृत्त झालेले. त्यांना भोंगा येत नव्हता. आता फुंकर पुरेल अशा दोनच धुना उरल्यात, म्हणाले. एक मिरवणुकीची आणि एक कुणाला शेवटचा निरोप देतानाची. मिरवणुकीची वाजवली तर गल्लीतली पोरं नाचत सुटतील, म्हणून स्टोअरकीपरने दुसरी निवडली. भिंतीवर तीन वेळा ठोकलं की काकांनी बाल्कनीत येऊन निरोप द्यायचा, असं ठरलं.

राहिला सगळ्यांना कळवायचा प्रश्न. इथे स्टोअरमधली एक पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. स्टोअरच्या नोंदवहीत प्रत्येक मालाला एक पान असतं. पानाच्या डोक्यावर मालाचं नाव एकदाच लिहायचं, आणि खाली तारीख-वेळेसमोर एकेकच शब्द: आला, गेला, आली, गेली. काय गेली? ते वर डोक्यावर लिहिलंय, बघून घ्या. तीस वर्षं असं लिहून लिहून स्टोअरकीपरला पूर्ण वाक्य लिहायची सवयच राहिली नव्हती.

त्याने फोनवर एक ग्रुप काढला आणि त्याला नाव दिलं "लाइट". त्यात बायको, दादा, काका आणि ताई. ताई म्हणजे त्याची मोठी बहीण, मागच्याच गल्लीत राहायची आणि एका शाळेची मुख्याध्यापिका होती. लाइट जाईल तेव्हा तो ग्रुपवर "गेली" असं टाकणार आणि कुणी काय आणायचं तेही सांगणार, अशी योजना. ह्या ग्रुपवर त्याने सूचनांचा असा मारा केला, की ताईने दुसऱ्या दिवशी आणि दादाने तिसऱ्या दिवशी तो ग्रुप आवाज बंद करून टाकला. त्यानंतरची एकही सूचना दोघांनी उघडून पाहिली नाही.

भावंडांचा दुसराही एक ग्रुप होता, जुना. त्यात आईसुद्धा होती. सुनेने रोज सकाळी आईचं ब्लडप्रेशर तपासून त्यावर टाकायचं आणि दादाने, ताईने अंगठा दाखवायचा, एवढंच त्या ग्रुपचं काम. त्याचं नाव होतं "आई".

तपासणीचा रविवार उजाडला तोच वारा घेऊन. उजाडला म्हणजे बाहेर. घरात प्लायवूड होतं. स्टोअरकीपर पहाटेच उठून इस्त्रीचा शर्ट घालून तयार होता. आईला हेल्मेट घातलं, ह्या वेळी त्याला कपाळावर पट्ट्याचा दिवाही बसवला, आणि तिला मागच्या खोलीत बिस्किटांचा पुडा देऊन बसवलं. चष्मा फुटू नये म्हणून स्वतःचा चष्मा त्याने आदल्या दिवशीच कपाटात सहा-अ-एकमध्ये जमा केला होता. साडेनऊला बायकोने आईचं ब्लडप्रेशर ग्रुपवर टाकलं. नऊ चाळीसला बाहेर कुठेतरी फांदी मोडल्याचा आवाज आला, बल्ब दोनदा लुकलुकला, आणि लाइट गेली. खोटीखोटी नव्हे, खरीच गेली.

स्टोअरकीपरला आनंदाने नाचावंसं वाटलं. सरावापेक्षा खरं संकट केव्हाही चांगलं, आणि तेही दादा यायच्या आधी तासभर! आधी त्याने वीज कंपनीला फोन केला. मग ग्रुप उघडला. चष्मा नव्हता. त्याला एवढंच माहीत होतं की आपला ग्रुप सगळ्यांत वर असतो, कारण त्याच्यावर लिहिणारे आपणच. पण दहा मिनिटांपूर्वी बायकोने ब्लडप्रेशर टाकल्यामुळे वर आली होती "आई". त्याने तीच उघडली आणि झरझर लिहिलं:

"गेली. ९.४०. सगळ्यांनी ठरल्याप्रमाणे लगेच यावे. ताईने गादी आणावी. दादाने शेगडी आणावी. आरडाओरडा नको. फोन बंद ठेवावेत."

काय गेली? ते वर डोक्यावर लिहिलंच होतं.

लगेच त्याने स्वतःचा फोन बंद केला, बायकोचाही बंद करून घेतला आणि दोन्ही बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवून डबा कपाटात लावला. बॅटरी वाचवायचा नियमच होता तसा. आईचा फोन तिच्या स्वेटरच्या खिशात राहिला, कारण म्हाताऱ्या माणसाच्या खिशात कोण हात घालतो? बायकोला त्याने टब भरायला न्हाणीघरात पाठवलं आणि वरवंट्याने भिंतीवर तीनदा ठोकलं. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. काकांनी बाल्कनीत येऊन घसा साफ केला आणि अशी काही निरोपाची धून लावली, की खाली रस्त्यावर एका माणसाने टोपी काढून हातात घेतली.

मागच्या खोलीतून खुदकन हसल्याचा आवाज आला. आईला धून आवडली असेल, असं स्टोअरकीपरला वाटलं.

पहिली आली ताई. दार उघडलं तर जिन्यातल्या उजेडात तिचे अर्धे केस काळेकुळकुळीत आणि अर्धे पांढरे, कपाळावर रंगाचे ओघळ, डोक्यावर गुंडाळलेली गादी आणि डोळ्यांना धारा. केसांना रंग लावता लावता तिने तो निरोप वाचला होता आणि होती तशी निघाली होती. गादी कशाला, हे तिला कळलं नव्हतं. दादाने काहीतरी ठरवलं असेल, असं तिला वाटलं. तिकडे दादाला वाटलं होतं की ताईने ठरवलं असेल.

"कधी गेली रे?" ताईने विचारलं. मुख्याध्यापिका रडतानाही प्रश्न क्रमाने विचारते.

"नऊ चाळीसला. घड्याळ लावून."

"तू जवळ होतास?"

"होतो की. माझ्या डोळ्यांदेखत गेली."

"फार त्रास झाला का?"

"छे! सकाळपासून जरा कमीजास्त होत होती. शेवटी दोनदा लुकलुकली आणि गेली. आवाजसुद्धा नाही."

लुकलुकली हा शब्द ताईला खटकला, पण दुःखात असलेल्या माणसाचं मराठी तपासायचं नसतं, म्हणून तिने पुढचा प्रश्न घेतला.

"कुणाला बोलावलंस की नाही?"

"लगेच फोन केला. म्हणाले, रविवार आहे, माणूस दुपारनंतर येईल."

"दुपारनंतर? कसली दगडी माणसं आहेत ही!"

"त्यांचा काय दोष? आज आपल्या बाजूच्या सगळ्यांचीच गेली आहे. समोरच्यांची तेवढी आहे अजून."

ताईने चौकट धरली. "सगळ्यांची?"

"एकूण एक. आणि खरं सांगू का ताई, मला तर वाटतं, आज गेली ते बरंच झालं. दादा येणारच होता. त्यालाही बघायला मिळेल."

"अरे, काय बोलतोयस तू?"

"येईल गं परत. एवढं काय त्यात? मागच्या वेळी नाही का दोन दिवसांनी आली?"

ताईने गादी खाली टाकली, भावाचा हात हातात घेतला आणि लहानपणी घ्यायची तसा त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. ह्याच्या मनावर परिणाम झाला आहे, ह्याबद्दल तिला शंका उरली नाही. "तू बस बघू आधी," ती हुंदका गिळून म्हणाली. "मी आहे ना."

"बसायला वेळ कुठाय? पंधरा मिनिटं ठरली होती, तू वीस घेतलीस. गादी जरा उजवीकडे सरकव, वाटेत येते." आपली बहीण लाइट गेल्यावर एवढी हळवी होते, हे त्याला नवीनच होतं.

तेवढ्यात जिन्यात धाडधाड पावलं वाजली आणि दादा आला. एका पायात बूट, एका पायात सपात, शर्ट उलटा, आणि काखेत दोन बर्नरची गॅसची शेगडी. बाहेर काका धून दुसऱ्यांदा वाजवत होते. दादा आत आला, अंधारात एकदा सगळीकडे पाहिलं, आणि शेगडी मांडीवर घेऊन गादीवर मटकन बसला. मग तो ओक्साबोक्शी रडायला लागला.

स्टोअरकीपर चाट पडला. दादाला त्याने उभ्या जन्मात रडताना पाहिलं नव्हतं. पण मग त्याच्या मनात आलं, की पाटी, प्लायवूड, भोंगा आणि वेळेवर पोहोचलेली गादी बघून त्याला गहिवरून आलं असणार. त्याचाही ऊर भरून आला.

"दादा, अजून कपाट पाहिलं नाहीस तू," तो हळूच म्हणाला.

"नको रे मला कपाट," दादा म्हणाला. "माझंच चुकलं. तुझ्या घरात काही कमी नव्हतं. मला उगाच तुझ्या चुका काढायच्या होत्या. आई लहानपणापासून तुझ्या बाजूची, तू सांडलंस तरी मलाच ओरडायची. म्हटलं, आता तरी माझ्याकडे राहील. जनरेटर आहे, वेगळी खोली आहे, सगळं आहे. पण तिला एकदा तरी विचारलं का मी, आई, तुला कुठे राहायचंय म्हणून? एकदा तरी?" त्याने शेगडीवर कपाळ टेकलं. "आता कुणाला विचारू?"

स्टोअरकीपर गोंधळला. "कुणाला म्हणजे?"

"मला विचार," मागच्या खोलीच्या दारातून आवाज आला.

दार उघडलं होतं. अंधारात माणसाच्या उंचीवर एक पांढराशुभ्र दिवा तरंगत होता आणि त्याच्याखाली आईचं हनुवटीपर्यंतचं तोंड, बिस्किटाच्या चुऱ्यासकट. ताईने जी किंकाळी फोडली ती ऐकून बाहेरची धून मधेच तुटली. दादा शेगडी छातीशी धरून बसल्या बसल्या भिंतीला चिकटला. न्हाणीघरातून बायको ओले हात घेऊन धावत आली आणि टबातलं पाणी तिच्या मागोमाग आलं.

"काय झालं? कोण गेलं?" तिने विचारलं.

"मी," आई म्हणाली. "नऊ चाळीसला. हे बघ, ह्याने लिहिलंय. वर नाव माझं आणि खाली गेली." तिने खिशातून फोन काढून सगळा निरोप मोठ्याने वाचून दाखवला, गादी आणि शेगडीसकट. "आधी म्हटलं, कळवावं की बाई, मी आहे, बिस्किटं खातेय. पण टाइप करायला मला वेळ लागतो. 'मी' लिहून होईस्तोवर ताई येऊन रडायलासुद्धा लागली. मग म्हटलं, आता थांबावंच. माझ्याबद्दल एवढं प्रेमाने बोललंय कोण इतक्या वर्षांत? ऐकून तरी घ्यावं."

ताईने आईला मिठी मारली आणि तिच्या हेल्मेटला अर्धा काळा रंग लागला. बायको नवऱ्याकडे वळली. "अकरा टॉर्च," ती म्हणाली, "अकरा! आणि घरात एक पेटवला नाहीत. पण दिवे मात्र लावलेत हो अगदी!"

स्टोअरकीपरला आता सगळं कळलं. तो गादीवर दादाशेजारी बसला. स्वतःच्या हाताने आपण आईला गेलेली दाखवली, वेळेसकट. महिनाभर जीव तोडून केलेली तयारी एका शब्दात मातीत गेली होती. आणि ह्याउप्पर दादाला काय दाखवायचं होतं? त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही.

"घेऊन जा तिला, दादा," तो म्हणाला. "माझ्याकडून नाही व्हायचं. मी नापास."

दादाने आपल्या पायांकडे पाहिलं. एका पायात सपात असलेला माणूस दुसऱ्याला काय नापास करणार?

"अरे, पण कुणी विचारणार आहे की नाही मला?" आई म्हणाली. "का परत मरून दाखवू?"

दादाने शेगडी बाजूला ठेवली, नाक पुसलं आणि शाळेत उभा राहिल्यासारखा उभा राहिला. "आई," त्याने विचारलं, "तुला कुठे राहायचंय?"

आईने घाई केली नाही. ती गादीपाशी आली, थोरल्याला पुन्हा खाली बसवलं आणि दोघांच्या मधे जागा करून हळूच बसली. गुडघे कुरकुरले. दिव्याचा झोत आधी थोरल्याच्या तोंडावर पडला, मग धाकट्याच्या, आणि दोघांनीही डोळे मिटले.

"तुझ्याकडे सगळं चांगलं आहे रे," ती थोरल्याला म्हणाली. "पण तुझ्याकडे लाइट जात नाही. मी आठ दिवस राहिले होते ना मागे? तू त्या खोलीत, सूनबाई ह्या खोलीत, पोरगी कानात बोंडं घालून तिसरीकडे. सगळीकडे लख्ख उजेड आणि बोलायला कोणी नाही. आणि हा काही फार वेगळा आहे असं समजू नकोस. हा दारातून 'हो' म्हणतो आणि जातो कपाटाकडे. पण त्या वादळात दोन दिवस लाइट नव्हती, तेव्हा हा माझ्यासमोर बसला होता. दोन दिवस. पत्ते खेळला, त्याच्या कारखान्यातल्या गमती सांगितल्या, मी जुन्या सांगितल्या. मला तर वाटत होतं, आणखी दोन दिवस येऊच नये."

स्टोअरकीपरने ऐकलं आणि त्याला लाज वाटली. महिनाभर रोज संध्याकाळी तो आईसाठी म्हणून कपाटाशी बसला होता आणि आई मागच्या खोलीत एकटी बसली होती. एवढा साधा हिशेब त्याला कसा सुचला नाही?

"म्हणून मी इथेच राहणार," आई म्हणाली. "पण खिडक्यांची ती फळकुटं आजच्या आज काढायची."

"आजच काढतो," तो म्हणाला.

दादाने मान खाली घातली. त्याला वाईट वाटलं आणि ते अंधारातही दिसत होतं. "मग माझी तपासणी?" तो शेवटी म्हणाला. "म्हणजे, पास करायचं का ह्याला?"

"पास? डोकं फिरलंय का तुझं?" आई म्हणाली. "पास केलंस तर परत कशाला येशील तू? आता आलास ना धावत, उलटा शर्ट घालून? तसा येतोस का कधी? ह्याला नापास कर. पुढच्या रविवारी पुन्हा तपासायला ये, आणि पुन्हा नापास कर. ताईलाही आण. गादी आहेच इथे."

"आणि ह्याने सगळं नीट ठेवलं तर?" दादाने विचारलं. "ह्याचं काही सांगता येत नाही."

"मी आहे ना घरात," आई म्हणाली. "दर शनिवारी काहीतरी लपवून ठेवीन."

स्टोअरकीपरने हे नीट ऐकलं. तीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच त्याला आपल्या साठ्यात होणाऱ्या चोरीची आगाऊ खबर मिळाली होती, आणि त्याने ती कुठेही नोंदवली नाही.